पहिल्यांदाच पीएफटी करताय? मग आधी आकडे जुळण्याची भानगड समजून घ्या

डॉक्टरांनी चिठ्ठीवर पीएफटी, म्हणजे फुफ्फुसं किती नीट काम करतात ते बघायची टेस्ट, असं लिहून दिलं की बहुतेक जण काउंटरवर येऊन आधी विचारतात उपाशीपोटी यायचं का, मग विचारतात रक्त किती काढणार, आणि टेस्ट सुरू झाल्यावर तिसऱ्या फुंकेला वैतागून विचारतात, "अहो ताई, एकदा फुंकलं ना नीट, परत परत कशाला?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी, नाही आणि अजिबात नाही. तिसऱ्या प्रश्नासाठी मात्र हे सगळं लिहायला घेतलंय, कारण मी हीच मशीन चालवायचं काम करते आणि रिपोर्टवरचे टक्के बघून घाबरणारे लोक रोज बघते, पण ते टक्के ज्या फुंकांवरून आले त्या एकमेकींशी जुळल्या होत्या का, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

शुगर तपासताना तुम्ही झोपेत असा नाहीतर रागात असा, सुई टोचली की झालं, तुम्हाला काही करावं लागत नाही. पीएफटीत तसं नाही, इथे अर्धी मशीन तुम्ही स्वतःच आहात. श्वास अर्धवट भरला तर आकडा कमी, मध्येच सोडून दिलं तर कमी, ओठांच्या कडेने हवा गळली तर कमी. आणि कमी आलेला आकडा फुफ्फुसामुळे कमी आहे की जोर न लावल्यामुळे, हे मशीनला एका फुंकेवरून कळत नाही. ते ओळखायचा साधा रस्ता म्हणजे परत करायला लावायचं आणि तोच आकडा पुन्हा येतो का बघायचं. अर्धवट जोर लावणाऱ्या माणसाला दर वेळी बरोब्बर तेवढाच अर्धवट जोर लावणं फार अवघड जातं, पूर्ण जोर लावणाऱ्याचा आकडा मात्र हट्टीपणाने त्याच जागी येत राहतो. रिपीटेबिलिटी म्हणतात ती हीच.

पीएफटी हे खरं तर तीन-चार टेस्टचं एक नाव आहे पण आपल्याकडे पीएफटी म्हटलं की बहुतेक वेळा स्पायरोमेट्रीच असते, म्हणजे नळीत फुंकायची टेस्ट. तिच्यात दोन आकडे महत्त्वाचे. पूर्ण भरलेल्या छातीतून जोरात बाहेर काढलेली एकूण हवा म्हणजे एफव्हीसी, आणि त्यातली पहिल्या एका सेकंदात बाहेर पडलेली हवा म्हणजे एफईव्ही वन. एकूण हवा मोजायची आयडिया बरीच जुनी, १८४६ मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सन या डॉक्टरने पाण्यात पालथं ठेवलेलं भांडं वापरून दोन हजारांहून जास्त लोकांचा श्वास मोजल्याचं लिहिलं आणि उंची वाढते तशी ही हवा वाढते हेही दाखवलं. पहिल्या सेकंदाचं महत्त्व लोकांसमोर यायला मात्र शंभर वर्षं लागली, फ्रान्समध्ये तिफनो आणि पिनेली यांनी १९४७ मध्ये ते मांडलं.

स्टेप १ : घरून निघायच्या आधी

सगळ्यात महत्त्वाचं पंपाबद्दल, म्हणजे दम लागल्यावर तोंडाने ओढायच्या औषधाबद्दल (इनहेलर). टेस्ट रोग ओळखायला करताय की चालू औषधाने फरक पडला का हे बघायला, यावर पंप थांबवायचा की नाही हे ठरतं आणि ते डॉक्टरांनीच सांगायचं, स्वतःच्या मनाने बंद करू नका. थांबवायला सांगितलं तर साधारण हिशोब असा असतो की लगेच आराम देणारा सालब्युटामॉलचा पंप ४ ते ६ तास आधी बंद, दिवसातून दोनदा घ्यायचे लांब चालणारे पंप २४ तास, आणि टायोट्रोपियमसारखे ३६ ते ४८ तास. मध्येच दम लागला तर पंप घ्या, टेस्टपेक्षा तुम्ही महत्त्वाचे, फक्त किती वाजता घेतला ते आल्यावर सांगा. लपवू नका. कारण मागच्या वेळी पंप न घेता आणि या वेळी पंप घेऊन केलेल्या दोन टेस्टची तुलना केली तर त्यातून काहीच अर्थ निघत नाही आणि डॉक्टर बिचारे "सुधारणा आहे" म्हणून औषध कमी करून बसतील.

सिगरेट, बिडी, हुक्का, व्हेप टेस्टच्या तासभर आधी बंद. जिना धावत चढून किंवा जिम करून थेट खुर्चीत बसू नका, तिथेही तासभर जाऊ द्या. दारू ८ तास नाही. पोट भरून जेवून येऊ नका, पोटावर ताण आला की श्वास खाली उतरत नाही, पण उपाशीही नको, चहा-पोहे खाऊन आलात तर चालतंय. घट्ट बेल्ट, घट्ट ब्लाउज, आवळून बांधलेली परकराची नाडी, हे सगळं छाती-पोट अडवतं, जरा सैल करून बसा. दातांची कवळी नीट बसत असेल तर काढू नका, कवळीशिवाय ओठ नळीभोवती घट्ट बसत नाहीत आणि हवा गळते.

आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, टेस्टच्या आधी बाथरूमला जाऊन या. बऱ्याच बायकांना, विशेषतः बाळंतपणं झालेल्या आणि वय झालेल्या, जोरात फुंकताना थेंबभर लघवी होईल अशी भीती असते आणि त्या भीतीने त्या जोर लावतच नाहीत, बोलतही नाहीत. मग आकडे काही केल्या जुळत नाहीत आणि टेक्निशियन "अजून जोरात, अजून जोरात" म्हणून ओरडत बसतो. तेव्हा सांगून टाका, यात लाजण्यासारखं काही नाही, आम्हाला रोजचं आहे.

गेल्या काही दिवसांत हार्ट अटॅक, डोळ्याचं (मोतीबिंदूसुद्धा), पोटाचं, छातीचं किंवा मेंदूचं ऑपरेशन झालं असेल, थुंकीतून रक्त पडत असेल, टीबीची शंका असेल तर फुंकायच्या आधीच सांगा. तेव्हा टेस्ट बहुतेक पुढे ढकलतात, कारण जोरात फुंकताना छातीत, पोटात, डोळ्यात दाब वाढतो. साधी सर्दी-खोकला झालेला असेल तरीही फोन करून विचारा, खोकल्यात केलेली टेस्ट बहुतेक वेळा परत करावी लागते.

स्टेप २ : खुर्चीत बसल्यावर

चपला काढून उंची मोजून घ्या. "पाच फूट चार इंच लिहा" असं तोंडी सांगू नका, तरुणपणी मोजलेली उंची साठीनंतर राहत नाही आणि तुमचा नॉर्मल आकडा किती असायला हवा हे मशीन वय, उंची आणि स्त्री की पुरुष यावरूनच काढते. पाठीला बाक असेल, उभं राहता येत नसेल तर दोन्ही हात पसरून त्याच्या मापावरून अंदाज काढतात.

ताठ बसा, पाय जमिनीला टेकवा, हनुवटी किंचित वर. चाकाची खुर्ची नको. नाकाला चिमटा लावतात तो लावू द्या. उभं राहून केलेल्या आणि बसून केलेल्या टेस्टमध्येही फरक पडू शकतो, म्हणून मागच्या वेळी बसून केली असेल तर या वेळीही बसूनच.

मशीनचं म्हणाल तर तिचीही रोज परीक्षा होते. ३ लिटरची मोठी सिरिंज असते, तिने हवा ढकलून मशीन ३ लिटरच दाखवते का हे बघायचं, ३ टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे २.९१ ते ३.०९ च्या मधे आलं पाहिजे, आणि हे हळू, मध्यम, जोरात अशा वेगवेगळ्या वेगाने करायचं. तुम्ही विचारू शकता, "आज कॅलिब्रेशन चेक केलं का?" चांगल्या लॅबमध्ये कोणाला राग येणार नाही. राग आला तर तेही एक उत्तरच आहे.

स्टेप ३ : प्रत्यक्ष फुंकताना

तीन कामं आहेत. भरायचं, फोडायचं, पिळायचं.

भरायचं म्हणजे आता आणखी एक घोटही मावणार नाही इथपर्यंत श्वास आत. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते, लोकांचं सगळं लक्ष फुंकण्यावर असतं आणि श्वास पाऊणच भरतात, मग फुंक कितीही जोरात मारली तरी आकडा कमीच येणार कारण आतच कमी होतं. फोडायचं म्हणजे भरल्यावर न थांबता एकदम धाडकन सोडायचं, वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवल्यासारखं हळू सुरू करून मग जोर असं नाही. पहिल्याच क्षणी जोर. सुरुवात रेंगाळली तर मशीन ती फुंक बाद करते. पिळायचं म्हणजे संपलं असं वाटलं तरी सोडत राहायचं, सोडत राहायचं, स्क्रीनवरची रेघ आडवी होईपर्यंत. नियमाच्या भाषेत शेवटच्या एका सेकंदात २५ मिलीपेक्षा कमी हवा आली की झालं, नाहीतर जास्तीत जास्त १५ सेकंद. तरुण माणसाचं चार-पाच सेकंदात आटपतं, सीओपीडीवाल्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद झाल्याचा आजार) आजोबांना मात्र दहा सेकंद झाले तरी हवा येतच असते.

ही पिळायची पायरी का सोडायची नाही ते आकड्यांत बघा. समजा कोणाचं एफईव्ही वन २.१० लिटर आणि पूर्ण फुंकलं तर एफव्हीसी ३.१५. एफईव्ही वनला एफव्हीसीने भागलं तर ६७ टक्के, म्हणजे ७० च्या खाली, श्वासनळ्या अरुंद झाल्याची शंका. आता त्याच माणसाने तीन सेकंदांत कंटाळून सोडून दिलं आणि एफव्हीसी २.६० च आली, तर भागाकार होतो ८१ टक्के. एकदम नॉर्मल! माणूस तोच, फुफ्फुस तेच, आणि पहिला सेकंदही अगदी तसाच.

खोकला आला, विशेषतः पहिल्या सेकंदात, तर ती फुंक गेली. जीभ नळीच्या तोंडावर आली, गाल फुगले, दातांनी नळी चावली, तरी गेली. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा, मिनिटभर बसा, पाणी प्या, कोणी हाकलून देत नाही.

स्टेप ४ : जुळवाजुळव

आता मुख्य भाग. कमीत कमी ३ चांगल्या फुंका लागतात आणि मोठ्या माणसांत साधारण ८ पर्यंतच करू देतात, त्यापुढे माणूस थकतो आणि आकडे उलट पडायला लागतात. जगभर वापरतात ते नियम अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी यांनी मिळून केलेले, २००५ चे आणि मग २०१९ चे सुधारलेले. त्यांचं म्हणणं असं की सगळ्यात मोठी फुंक आणि तिच्या खालोखालची फुंक यांच्यात १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको, आणि हे एफव्हीसीसाठी वेगळं बघायचं, एफईव्ही वनसाठी वेगळं. १९९४ च्या नियमांत हीच सूट २०० मिली होती, नंतर मशीनी सुधारल्या, टेक्निशियन शिकले, तशी ती घट्ट केली. सहा वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी १०० मिली किंवा १० टक्के, जे जास्त असेल ते.

लक्षात घ्या, तिन्ही फुंका जुळायला हव्यात असं नाही, वरच्या दोन जुळल्या की पुरे. समजा एफईव्ही वन आले १.८२, २.१० आणि २.०६. पहिली फुंक बरीच कमी आहे पण वरच्या दोघींत फरक फक्त ४० मिलीचा, झालं काम. सरासरी काढत नाहीत, सगळ्यात मोठा आकडा रिपोर्टवर जातो, आणि एफव्हीसीचा मोठा आकडा एका फुंकेतून आणि एफईव्ही वनचा दुसऱ्या फुंकेतून घेतला तरी चालतो. लोकांना हे चीटिंग वाटतं. पण विचार करा, फुफ्फुसात नसलेली हवा कोणी जोर लावून बाहेर काढू शकत नाही, कमी मात्र हजार कारणांनी येऊ शकते, म्हणून नीट फुंकलेला मोठा आकडाच खऱ्याच्या जवळचा.

आणि मुळात माणसाच्या जोरावर चालणारी टेस्ट इतकी जुळतेच कशी, हा प्रश्न मला सुरुवातीला पडायचा. त्याचं कारण छातीच्या आत आहे. तुम्ही जोर लावता तेव्हा फुफ्फुसातली हवाही दाबली जाते आणि तिच्या वाटेवरच्या नळ्याही बाहेरून दाबल्या जातात. ठराविक वेगाच्या पुढे जितका जास्त जोर तितक्या नळ्या जास्त चेपतात, त्यामुळे वेग वाढतच नाही. म्हणजे अगदी सुरुवातीचा तो धाडकन भाग सोडला तर पुढचा वेग तुमच्या हट्टावर नाही, नळ्यांच्या अवस्थेवर ठरतो. म्हणूनच पुरेसा जोर लावलेल्या दोन फुंकांचे आलेख उतरणीच्या भागात एकावर एक असे बसतात की एकच रेघ वाटते, आणि म्हणूनच अगदी सुरुवातीला मोजला जाणारा पीक फ्लो, म्हणजे फुंकेचा सगळ्यात जास्त वेग, एफईव्ही वनपेक्षा जास्त डगमगतो.

आकडे जुळत नसतील तर कसे जुळत नाहीत ते बघायचं. दर फुंकेला वाढत चाललेत तर माणूस शिकतोय, अजून एक-दोन करून घ्यायच्या, मिळतील. कधी वर कधी खाली असे उड्या मारतायत तर जोर सारखा लागत नाहीये किंवा श्वास सारखा भरला जात नाहीये, अशा वेळी मी तरी दोन मिनिटं थांबून स्वतः करून दाखवते, ओरडून काही होत नाही. आणि दर फुंकेला उतरत चाललेत तर मात्र सावध व्हायचं. काही दमेकऱ्यांच्या नळ्या जोरात फुंकण्यानेच आवळतात, पहिली फुंक १.९०, दुसरी १.७५, तिसरी १.६०. इथे पेशंटला "नीट करत नाही" म्हणून झापणं म्हणजे अन्याय आहे, न जुळणं हीच त्याच्या आजाराची खूण असू शकते. एफईव्ही वन सुरुवातीच्या ८० टक्क्यांच्या खाली गेलं तर टेस्ट थांबवायची असाच नियम आहे, आणि उतरणारे आकडे तसेच लिहून डॉक्टरांना दाखवायचे, खोडायचे नाहीत.

या जुळण्याला ग्रेडही देतात. ३ किंवा जास्त चांगल्या फुंका आणि वरच्या दोघींत १५० मिलीच्या आत फरक तर ए, दोनच चांगल्या पण तेवढ्याच जुळलेल्या तर बी, मग २०० मिलीच्या आत सी, २५० च्या आत डी, पुढे ई आणि एफ. बहुतेक नव्या मशीनी हा ग्रेड छापतात, एफईव्ही वनचा वेगळा आणि एफव्हीसीचा वेगळा. डी किंवा ई आलं म्हणजे रिपोर्ट फेकायचा असं नाही, खूप आजारी माणसाला त्याहून चांगलं जमतच नाही कधी कधी, पण त्या आकड्यावर किती वजन टाकायचं ते कळतं.

एक गोष्ट मात्र मला या नियमात खटकते. १५० मिली म्हणजे साधारण एक कप चहा एवढी हवा. ४ लिटरवाल्या उंच तरुणाला ती चार टक्केही नाही. पण आपल्याकडच्या साडेचार फुटी आजी, एफव्हीसी कशीबशी १.२ लिटर, त्यांच्यासाठी तीच १५० मिली म्हणजे साडेबारा टक्के. म्हणजे आजींच्या दोन फुंका नियमात बसल्या तरी खरं तर बऱ्याच लांब असू शकतात. २००५ च्या नियमात एफव्हीसी १ लिटर किंवा कमी असेल तर १०० मिली धरा असं होतं, लहान फुफ्फुसाच्या पेशंटला मी अजूनही मनात तेच धरते.

स्टेप ५ : पंप देऊन परत

बऱ्याचदा पहिला राउंड झाला की सालब्युटामॉलचे ४ पफ देतात, एकूण ४०० मायक्रोग्राम, स्पेसरमधून (पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं) एक-एक करून, आणि १५ मिनिटं बसवून ठेवतात. मग परत तीन फुंका, परत तीच जुळवाजुळव. लोक इथे पळ काढतात, "झालं ना आता, गाडी डबल पार्क केलीय." पळू नका, दमा की सीओपीडी या प्रश्नाचा बराचसा धागा या दुसऱ्या राउंडमध्ये असतो आणि सीओपीडी म्हणायचं तर भागाकार पंपानंतरचाच बघतात. पंपाने हात थरथरतात, छाती धडधडते, थोड्या वेळात जातं.

वर्षानुवर्षं नियम असा होता की १२ टक्के आणि शिवाय २०० मिली, दोन्ही वाढलं तरच पंपाने फरक पडला म्हणायचं. आता टक्के असताना वर २०० मिलीची अट कशाला? तर ज्याचं एफईव्ही वन मुळातच ०.९० लिटर आहे त्याचे १२ टक्के म्हणजे १०८ मिली, आणि एवढा फरक तर पंप न देताही दोन फुंकांमध्ये पडू शकतो! २०० मिली म्हणजे डगमगीच्या पलीकडे गेल्याची खात्री. अलीकडच्या नियमात हिशोब बदललाय, त्या वयाच्या-उंचीच्या माणसाचा नॉर्मल आकडा धरून त्याच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ झाली का ते बघतात. तुमच्या लॅबचा रिपोर्ट कोणता नियम लावतो ते बघा, दोन्ही चालू आहेत.

स्टेप ६ : रिपोर्ट हातात आल्यावर

सगळी पानं मागून घ्या, फक्त शेवटचा सारांश नको. बघायचा क्रम माझ्या मते असा. आधी आलेख, तीन रेघा एकावर एक बसल्यात की तीन दिशांना पळाल्यात, सुरुवातीला टोकदार शिखर आहे की गोल टेकडी. मग ग्रेड. मग भागाकार. मग लिटर. टक्के, म्हणजे तुमचा आकडा नॉर्मलच्या किती टक्के आहे ते, सगळ्यात शेवटी. आणि मशीनने आपोआप छापलेली ओळ, "माइल्ड रिस्ट्रिक्शन" (फुफ्फुसात हवा जरा कमी मावते) वगैरे, ती तर सोडूनच द्या, बऱ्याच मशीनी फुंक नीट होती का हे न बघताच ती छापतात. अर्धवट श्वास भरून, अर्धवट सोडला की कोणालाही रिस्ट्रिक्शन निघतं.

एफईएफ २५-७५ नावाचा एक आकडा असतो, फुंकेच्या मधल्या अर्ध्या भागातला सरासरी वेग, तो कमी आला की "स्मॉल एअरवेज (बारीक नळ्या) खराब" असं वाचून लोक रात्रभर गुगल करतात. तो आकडा एकूण हवा किती सोडली यावर टांगलेला असतो, ती जरा कमी-जास्त झाली की हा लगेच हलतो. २००५ च्या नियमांतल्या तक्त्यात निरोगी माणसातसुद्धा एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात हा २१ टक्के बदलला तरच बदल धरा असं दिलंय, सीओपीडीत ३० टक्के. बाकी सगळं ठीक असताना एकट्या त्याच्यावरून झोप उडवून घेऊ नका.

स्टेप ७ : सहा महिन्यांनी दुसरी टेस्ट

एकाच बैठकीतली जुळणी वेगळी आणि दोन वेगळ्या दिवसांची वेगळी, ही दुसरी नेहमी सैल असते. दिवसाच्या वेळेनेही फरक पडतो, पहाटे नळ्या सगळ्यात अरुंद आणि दुपारी जरा मोकळ्या, दमेकऱ्यात हे फारच ठळक. दिवाळीच्या फटाक्यांनंतरचा आठवडा, घरात चुलीचा धूर, नुकताच झालेला फ्लू, सगळं त्यात मिसळतं. म्हणून त्याच तक्त्यात निरोगी माणसाच्या एफईव्ही वनसाठी एकाच दिवसात ५ टक्के, आठवड्याच्या अंतराने १२ टक्के आणि वर्षाच्या अंतराने १५ टक्के, एवढ्याच्या पलीकडे गेलं तरच खरा बदल समजा असं आहे. सीओपीडीवाल्यांना एका दिवसात १३ आणि आठवड्याच्या अंतराने २० टक्के.

म्हणजे फेब्रुवारीत १.९२ होतं आणि जुलैत १.७४ आलं, १८० मिली कमी, नऊ टक्क्यांच्या आसपास. घरी रडारड. पण सीओपीडीच्या पेशंटमध्ये एवढं तर आठवड्याभरातही हलू शकतं. दुसरीकडे वयाने होणारी घट बघा, पंचविशी-तिशीनंतर निरोगी माणसाचंही एफईव्ही वन दर वर्षी साधारण २५-३० मिलीने कमी होतं, सिगरेट ओढणाऱ्याचं आणखी वेगाने होऊ शकतं. सहा महिन्यांत जेमतेम १५ मिली. ज्या टेस्टमध्ये १५० मिलीची सूट आहे तिच्यात ही १५ मिली दिसणार कशी? नाही दिसत. म्हणून घसरण खरी आहे का हे दोन रिपोर्टवरून नाही, तीन-चार वर्षांच्या रांगेवरून कळतं. दम जास्त लागायला लागलाय, जिना चढवत नाही, असं असेल तर मात्र आकडा या सगळ्या सुटीत बसला तरी डॉक्टरांकडे जायचंच, लक्षणं टक्क्यांची वाट बघत नाहीत.

डगमग ओळखून टेस्ट वापरायची याचं जुनं उदाहरण आपल्या मुंबईच्या गिरणगावाला लागू पडणारं आहे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी छाती आवळते आणि कामाची पाळी (शिफ्ट) संपेपर्यंत एफईव्ही वन उतरतं. तिथे पाळीच्या आधी आणि पाळीनंतर, एकाच दिवशी, त्याच मशीनवर मोजायचं, म्हणजे बाकीची डगमग कमीत कमी राहते आणि जे उतरतं ते धुळीचं. धुळीच्या कारखान्यात, खाणीत, दगड फोडायच्या कामावर असाल आणि कंपनी वर्षाला पीएफटी करून घेत असेल तर दर वर्षीच्या रिपोर्टची कॉपी स्वतःकडे ठेवा, नुसतं "फिट" लिहिलेलं कार्ड नाही.

तर शक्यतो तीच लॅब, तीच मशीन, दिवसाची तीच वेळ, पंपाचा तोच हिशोब. लॅब बदलावीच लागली तर टक्के टक्क्यांशी ताडू नका, लिटर लिटरशी ताडा. कारण टक्के काढायला प्रत्येक मशीनमध्ये वेगवेगळे फॉर्म्युले भरलेले असतात, कुठे भारतीय, कुठे युरोपियन लोकांवरून काढलेले आणि काही टक्के कापून घेतलेले, कुठे जीएलआय या जागतिक गटाचे. एकाच माणसाचे तेच २ लिटर एका लॅबमध्ये ७६ टक्के आणि दुसरीकडे ८५ असे छापून येऊ शकतात. परदेशात मुलाकडे गेलेले आई-बाबा तिकडे टेस्ट करून येतात आणि इकडे येऊन विचारतात की एवढा फरक कसा, तर बरेचदा फरक फॉर्म्युल्यात असतो.

डीएलसीओ, म्हणजे फुफ्फुसातून रक्तात गॅस किती जातो ते मोजायची टेस्ट, सांगितली असेल तर थोडक्यात, त्यात एक खास गॅस भरून १० सेकंद श्वास रोखायचा असतो, दोन ट्रायलच्या मध्ये किमान ४ मिनिटं थांबतात आणि दोन आकडे २ युनिटच्या आत जुळले पाहिजेत. हिमोग्लोबिन कमी असेल तर आकडा कमी येतो, म्हणून अलीकडचा रक्ताचा रिपोर्ट सोबत न्या.

घरी पीक फ्लो मीटर घेतला असेल तर

हा स्वस्त आणि कामाचा, पण जुळणीची शिस्त इथेही लागते. उभे राहा, काटा शून्यावर आणा, पूर्ण श्वास, एकच छोटी स्फोटक फुंक, इथे पिळायचं नाही. तीनदा करा, सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहा. वरच्या दोघांत ४० पेक्षा जास्त फरक असेल तर अजून एक-दोन मारा. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, पंपाच्या आधी, दोन आठवडे. मग रोजचा फरक काढायचा, सकाळी ३१० आणि संध्याकाळी ३६० तर फरक ५०, सरासरी ३३५, म्हणजे जवळपास १५ टक्के. दोन आठवड्यांची अशी सरासरी मोठ्यांत १० टक्क्यांच्या वर आणि मुलांत १३ च्या वर गेली तर दम्याकडे बोट जातं. इथे गंमत बघा, लॅबमध्ये डगमग नको म्हणून आम्ही एवढी झटापट करतो आणि घरच्या वहीत नेमकी तीच डगमग शोधतोय, फरक एवढाच की सकाळच्या तीन फुंका आपापसात जुळलेल्या असतील तरच सकाळ-संध्याकाळचा फरक नळ्यांचा मानायचा.

वहीत आकड्यासोबत वेळ, पंप घेतला का, रात्री खोकला होता का एवढं लिहा. मीटर बदलू नका, दोन कंपन्यांचे मीटर एकाच माणसाला वेगळे आकडे दाखवतात, बदलावाच लागला तर वहीत रेघ मारून तारीख टाका आणि तिथून पुढे नवीन हिशोब धरा. आणि पुढच्या व्हिजिटला वहीसोबत मीटरही पिशवीत टाकून आणा, समोर एकदा फुंकून दाखवलंत की वहीतल्या आकड्यांवर कितपत भरवसा ठेवायचा ते लगेच कळतं.